रेघ कुठं होती?

२०२०च्या जून महिन्यातली गोष्ट. माझी लेक तेव्हा ७ वर्षांची होती. मार्चमध्ये शाळेला अचानक सुट्टी लागली म्हणून ती माझ्या माहेरी, निलंगा तालुक्यात, आजी-आजोबांकडे गेली. चार-आठ दिवसांत आणायचं ठरलं होतं. तेवढ्यात २५ मार्चपासून टाळेबंदी लागली. ती तिकडं अडकली आणि मी इकडं मुडबीत. अंतर म्हणाल तर ६०-७० किलोमीटर. एरवी सकाळी भाकरी बांधून निघालं की दुपारचं जेवण माहेरी. पण मधे महाराष्ट्र-कर्नाटकाची हद्द, आणि हद्दीवर आडवे लावलेले बांबू.

अडीच महिने आमची माय-लेकीची भेट फोनवर. जूनमध्ये रीतसर परवानगी मिळाली. तिकडून तिचा मामा तिला हद्दीपर्यंत घेऊन आला, इकडून तिचे बाबा गेले. मोठ्या माणसांनी ओलांडायचं नाही असं ठरलेलं, म्हणून मधली चाळीस-पन्नास पावलं ती एकटी चालत आली. पाठीला दप्तर, हातात आजीनं दिलेली शेंगांच्या लाडवांची पिशवी.

घरी आल्यावर आंघोळ झाली, जेवण झालं, आणि माझ्या कुशीत शिरून तिनं विचारलं, "आई, रेघ कुठं होती? मी चालताना खाली बघत होते. रस्त्यावर तर काहीच नव्हतं."

मला उत्तर देता आलं नाही. "झोप आता," म्हटलं. पण तो प्रश्न काही मला झोपू देईना.

आमचं मुडबी बिदर जिल्ह्यातलं, बसवकल्याण तालुक्यातलं. कलबुर्गी जिल्ह्याची हद्द जवळ, आणि उत्तरेला तालुका ओलांडला की महाराष्ट्र. आमचं घर आपल्यापैकी अनेकांच्या घरासारखंच. माझं माहेर मराठी, सासर कन्नड बोलणारं. सासूबाई भालकीकडच्या, त्यांना दोन्ही भाषा सारख्या. मी त्यांना आत्याबाई म्हणते. नवऱ्याशी अर्धं कन्नड अर्धं मराठी, दिरांशी कन्नड, देवाशी मराठी. मुलं तर एकाच वाक्यात दोन्ही भाषा जेवतात.

शाळा बंद, आणि घरात मुलं मोकाट. माझी लेक, दिरांचे दोन मुलगे, एक ९ वर्षांचा आणि एक ६ वर्षांचा, आणि शेजारची ८ वर्षांची मुलगी. आमच्या शेतावर कामाला येणाऱ्या तांड्यावरच्या बाईंचा मुलगाही त्यांच्याबरोबर यायचा. तो ९ वर्षांचा. घरी लमाणी बोलायचा, शाळेत कन्नड, आणि आमच्या ओसरीवर बहुतेक वेळ गप्प. ऑगस्टमध्ये सरकारनं 'विद्यागम' सुरू केलं. शिक्षक गावात येऊन देवळाच्या आवारात, झाडाखाली मुलांना शिकवू लागले. मुलं खूष होती, पण साथ वाढली आणि ऑक्टोबरात तेही थांबवावं लागलं. मग जे काही शिकायचं ते घरीच. लग्नाआधी दोन वर्षं मी बालवाडीत शिकवलं होतं. म्हटलं, बाकीचं राहू दे, लेकीच्या एका प्रश्नाचं उत्तर तरी पाचही जणांना मिळून शोधायला लावू.

सुरुवात मात्र फसली. जूनच्या शेवटी मी भिंतीवर नकाशा टांगला. हातात पट्टी घेतली आणि अगदी शाळेतल्या बाईंसारखं म्हटलं, "वर उत्तर, खाली दक्षिण. आता सांगा, उत्तर कुठं?"

पाचपैकी चार बोटं माळवदाकडं गेली. धाकट्या पुतण्यानं तर मान मागं टाकून वर बघितलं, उत्तर तिथं कुठं दिसते का म्हणून. वर उत्तर म्हटल्यावर लेकरं वर बघणार नाहीत तर कुठं बघणार? चूक माझी होती. नकाशा खाली काढला आणि गुंडाळून कोनाड्यात ठेवला.

दुसऱ्या दिवशी माझ्या पेटीतून माधुरी पुरंदरे यांचं 'राधाचं घर' काढलं. एक लहान मुलगी आपल्या घरातल्या माणसांची ओळख करून देते, एवढंच त्यात आहे, पण चित्रं अशी की मूल त्यात शिरतंच. मी मराठीत वाचायची, मोठा पुतण्या त्याचं कन्नड करून सांगायचा. त्याचं कन्नड ऐकून आत्याबाई स्वयंपाकघरातून दुरुस्त्या सुचवायच्या. वाचून झालं तशी शेजारची पोरगी म्हणाली, "काकू, आमचं घर पण असं सांगायचं का?" मला हेच हवं होतं.

घर सांगायचं म्हणजे आधी माणसं आली. माणसं कुठं बसतात, कुठं निजतात, ते आलं. मग गोठा, हापसा, तुळस, कणगी. प्रत्येकानं चित्र काढलं, पण सगळी चित्रं समोरून पाहिलेली. दार मोठं, घर उभं, त्यावर पत्रा आणि बाजूला सूर्य. मी विचारलं, "वरून उडणाऱ्या बगळ्याला हे घर कसं दिसेल?" कुणाला सांगता येईना. मग शिडी लावली आणि एकेकाला धरून माळवदावर नेलं. वरून अंगण बघितलं आणि पोरं चकित. तुळशीवृंदावन नुसतं चौकोन! म्हैस म्हणजे लांबट काळा ठिपका! आत्याबाई अंगणात तूर निवडत बसल्या होत्या, त्यांचा नुसता पदर आणि सूप दिसत होतं. "अज्जी गोल झाली," धाकटा ओरडला. खालून आत्याबाई म्हणाल्या, "वर काय करलालाव रे? पडचाल की!"

त्या दिवशी मुलांना नकाशा म्हणजे काय ते समजलं. नंतर अंगण पावलांनी मोजलं. चौकटीच्या वहीत एक पाऊल म्हणजे एक चौकट. धाकट्याची पावलं लहान म्हणून त्याचं अंगण सगळ्यांत मोठं निघालं. त्यावरून भांडण झालं, आणि सगळ्यांनी एकाच माणसाच्या पावलानं मोजायचं हा नियम भांडणातूनच निघाला. प्रमाण म्हणजे काय हे मला वेगळं शिकवावंच लागलं नाही.

प्रत्येक वस्तूचं नाव दोन्ही भाषांत लिहायचं ठरलं. घराला मनी, विहिरीला बावी, गोठ्याला कोट्टिगे. अंगणाशी आल्यावर मुलं थांबली. कन्नडमध्ये अंगळ, मराठीत अंगण. "हे एकच आहे की!" म्हणून त्यांना फार मौज वाटली. मग असे शब्द शोधायचा नादच लागला. आमच्या शेजारच्या हुमनाबाद तालुक्यात हळ्ळीखेड नावाचं गाव आहे. कन्नडमध्ये हळ्ळी म्हणजे खेडं, मराठीत खेड म्हणजेही खेडंच. "म्हणजे त्या गावाचं नाव खेडं-खेडं?" माझी लेक हसून हसून लोळली. आपल्या भागाचा नकाशा वाचायला दोन भाषा का लागतात, हे त्या एका नावात आलं.

हे असं अंगणात बसून शिकवणं काही मी शोधून काढलेलं नाही. ताराबाई मोडकांनी १९४५मध्ये बोर्डीला काम सुरू केलं तेव्हा मुलं बालवाडीत येईनात, म्हणून त्यांनी बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली. आज आपण सहज म्हणतो त्या अंगणवाडीचं मूळ तिथं आहे. अनुताई वाघांनी पुढं त्यांच्याबरोबर ते काम कोसबाडच्या टेकडीवर वाढवलं. खडे, बिया, पानं, माती हीच त्यांची साधनं. आमच्याकडे तरी दुसरं काय होतं?

घरानंतर दिशा आल्या. रोज सकाळी सूर्य कुठून वर येतो ते अंगणातून पाहायचं. आत्याबाईंनी जुने कन्नड शब्द सांगितले. पूर्वेला मूडण, पश्चिमेला पडुवण. मूडु म्हणजे उगवणं, पडु म्हणजे मावळणं. मी म्हटलं, मराठीतही उगवती आणि मावळती म्हणतातच. मग उगवतीकडं तोंड करून उभं राहिलं की डावा हात उत्तरेला, म्हणजे माझ्या माहेराकडं, आणि उजवा हात दक्षिणेला, कलबुर्गीकडं. माळवदाकडं बोट दाखवणारी मुलं आता उत्तर म्हटलं की मामाच्या गावाकडं तोंड करू लागली.

इथं माझी दुसरी चूक झाली, ती मला आजही आठवते. मला शाळेत शिकवलं होतं की भर दुपारी काठीची सावली उत्तरेला पडते. जुलैत एक दिवस चांगली उघडीप होती. अंगणात मीटरभर काठी रोवली आणि दर थोड्या वेळानं सावलीच्या टोकाला खडा ठेवत गेलो. सगळ्यांत आखूड सावली झाली तेव्हा मी ऐटीत म्हटलं, "ही बघा उत्तर."

तो तांड्यावरचा मुलगा, जो कधी बोलायचा नाही, हळूच म्हणाला, "काकू, सावली कलबुर्गीकडं पडली."

बघते तर खरंच. तीन-चार बोटांची सावली, पण दक्षिणेला. मी वरमले. रात्री लेकीचं पुस्तक आणि पंचांग घेऊन बसले, तेव्हा उलगडा झाला. आपला भाग कर्कवृत्ताच्या दक्षिणेला. मे महिन्याच्या मध्यापासून जुलैच्या शेवटापर्यंत दुपारचा सूर्य आपल्या डोक्याच्याही उत्तरेला जातो, म्हणून तेवढे दिवस दुपारची सावली दक्षिणेला पडते. अधल्यामधल्या दोन दिवशी तर सावली पायाखालीच येते. शाळेतलं वाक्य दिल्लीला वर्षभर खरं, मुडबीला नाही. दुसऱ्या दिवशी मी मुलांसमोर म्हटलं, "काकू चुकली होती, हा बरोबर होता." त्या मुलानं मान खाली घातली, पण त्या दिवसापासून तो बोलू लागला. ऑगस्टच्या मध्यावर पुन्हा काठी रोवली, तेव्हा सावली फिरून उत्तरेला आली होती. ते सगळ्यांत आधी त्यानंच पाहिलं.

आता गोष्टीकडं वळायचं होतं. सेल्मा लागरलोफ या लेखिकेबद्दल मी फार पूर्वी वाचलं होतं. स्वीडनच्या शिक्षकांनी त्यांना सांगितलं, आमच्या मुलांना देशाचा भूगोल शिकवेल असं पुस्तक लिहा. त्यांनी १९०६-०७मध्ये नील्स नावाच्या व्रात्य मुलाची गोष्ट लिहिली. तो अंगठ्याएवढा होतो आणि हंसाच्या पाठीवर बसून सगळा स्वीडन वरून बघतो. भूगोलाचं ते पुस्तक जगभरच्या मुलांनी गोष्ट म्हणून वाचलं. पुढं १९०९मध्ये लागरलोफना साहित्याचं नोबेल मिळालं. हा मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री.

मुलांना नील्सची गोष्ट माझ्या शब्दांत सांगितली आणि विचारलं, "आपल्या गोष्टीत कोण फिरेल?" हंस कुणी पाहिला नव्हता. बगळा म्हणावा तर तो शेतातल्या बैलांमागूनच हलत नाही. शेवटी माझी लेक म्हणाली, "पावसाचा थेंब. त्याला पास लागत नाही."

ओसरीवर एक क्षणभर कुणी काही बोललं नाही. आत्याबाईंनी माझ्याकडं बघितलं.

तर आमच्या गोष्टीत दोन थेंब आले, जुळ्या बहिणी. जुन्या कॅलेंडरच्या कोऱ्या पाठी शिवून पुस्तक केलं. एका पानावर मराठी, समोरच्या पानावर कन्नड. गोष्ट पुढं सरकायची तर आधी अंगणात करून बघायची आणि मगच लिहायची, असा नियम होता.

आपल्या तालुक्यात एक गंमत आहे, आणि ती आपल्यापैकी अनेकांच्या ध्यानात येत नाही. बिदर जिल्ह्यातलं बहुतेक पाणी मांजरा आणि तिला मिळणाऱ्या कारंजासारख्या नद्यांतून गोदावरीला जातं. पण दक्षिण अंगाचं पाणी मुल्लामारीसारख्या नद्यांतून कागिण्याला, तिथून भीमेला आणि शेवटी कृष्णेला जातं. म्हणजे दोन मोठ्या नद्यांच्या मुलुखांमधला उंचवटा आपल्या पठारावरून जातो. त्याच्या माथ्यावर शेजारी शेजारी पडलेल्या दोन थेंबांपैकी एक गोदावरीचा होतो आणि एक कृष्णेचा.

हे तोंडानं सांगून कुणाला पटलं नसतं. म्हणून अंगणाच्या कोपऱ्यात माती टाकली. खाली मुरूम, एका अंगाला लाल माती, एका अंगाला काळी. आपल्याकडे दोन्ही मिळतात. मी मधोमध सरळ बांध घातला, दोन्हीकडं सारखा उतार दिला आणि तांब्यानं पाणी ओतलं. पाणी दोन्हीकडं छान गेलं. तो मुलगा मात्र मान हलवत होता. "असं नसतंय काकू. गुड्ड असा सरळ नसतो. आमच्या तांड्यामागं बघा, एक हळ्ळ इकडून फिरून येतो." तो उकिडवा बसला आणि त्यानं माझा बांध मोडून वाकडातिकडा केला. मधे खोलगट जागा ठेवल्या, एका ठिकाणी खड्डा करून 'केरी' म्हणजे तळं केलं. पुन्हा पाणी ओतलं. आता ते आधी खड्ड्यात साठलं, भरलं, आणि मग जिथं वाट मिळाली तिथून गेलं. शेळ्यांमागं फिरलेलं लेकरू ते. त्याला वाचताना अडखळायला होतं म्हणून सगळे त्याला मागं पडलेला समजत होते. पाणी कुठून कुठं जातं हे ओसरीवरच्या सगळ्या माणसांत त्याला जास्त कळत होतं, त्यात मीही आले.

दुसरा प्रश्न मोठ्या पुतण्याचा. "समुद्र तर पश्चिमेला जवळ आहे. मग नद्या उलट्या पूर्वेला का जातात?" त्यासाठी स्वयंपाकाचा पाट घेतला आणि एका टोकाखाली दोन विटा ठेवल्या. विटांचं टोक म्हणजे सह्याद्री. गोदावरी त्र्यंबकेश्वराला निघते, भीमा भीमाशंकरला, कृष्णा महाबळेश्वरला. सगळ्या त्या उंच काठावरून. पठाराचा उतार पूर्वेकडं, म्हणून पाणी सगळी दख्खन ओलांडून आंध्रच्या किनाऱ्याला जातं. तिथं कृष्णा आणि गोदावरीचे त्रिभुज प्रदेश शेजारी शेजारी आहेत. जुळ्या बहिणी शेवटी एकाच बंगालच्या उपसागरात उतरतात. पाटावर पाणी सोडून मुलांनी हे दहादा करून बघितलं. पाट फुगला, मला आत्याबाईंची बोलणी खावी लागली, ते वेगळं.

तेव्हा मला स्वतःलाच एक उमगलं. निलंग्याकडचं पाणी तेरणा-मांजरेचं, म्हणजे गोदावरीचं. इकडं आमच्या दक्षिणेचं पाणी कृष्णेचं. इतकी वर्षं मी माहेर महाराष्ट्रात आणि सासर कर्नाटकात एवढंच म्हणत होते. माझं माहेर गोदावरीचं आणि सासर कृष्णेचं, हे कधी मनातही आलं नव्हतं.

पण लेकीचा प्रश्न पाण्याचा नव्हता, रेघेचा होता. त्याचं उत्तर आत्याबाईंकडून आलं. एका संध्याकाळी पोरं पुठ्ठ्यावर जिल्हा काढत बसली होती. त्या म्हणाल्या, "हे एवढंसं बिदर? आमच्या लहानपणी लई मोठं होतं. तुझ्या आईचं निलंगा बी बिदरातच होतं."

मुलांना वाटलं अज्जी गोष्ट सांगते आहे. ती गोष्ट नव्हती. निजामाच्या हैदराबाद संस्थानात आणि १९४८नंतरच्या हैदराबाद राज्यातही निलंगा, उदगीर आणि अहमदपूर हे तालुके बिदर जिल्ह्यातच होते. १ नोव्हेंबर १९५६ला भाषेप्रमाणे राज्यं झाली, तेव्हा जिल्ह्याचे तीन तुकडे झाले. हे तीन तालुके मुंबई राज्यात गेले. बिदर, भालकी, हुमनाबाद, औराद म्हैसूर राज्यात आले. जहिराबाद आणि नारायणखेड आंध्रात गेले, ते आज तेलंगणात आहेत. आत्याबाई तेव्हा दहा वर्षांच्या होत्या. त्यांचा मामा उदगीर तालुक्यातला. "आदल्या दिवशी मामा एका जिल्ह्यातला. दुसऱ्या दिवशी परराज्यातला. मामा तिथंच, मी बी हितंच."

आम्ही पुठ्ठ्याचं जुनं बिदर कापून तीन तुकडे केले. मुलं ते जोडायची, सोडायची. मग मी त्यांना पाकिटं दिली आणि आजोबांच्या घराचा पत्ता वेगवेगळ्या वर्षांचा लिहायला लावला. १९५०: निलंगा, जिल्हा बिदर, हैदराबाद राज्य. १९५८: निलंगा, जिल्हा उस्मानाबाद, मुंबई राज्य. १९६१: निलंगा, जिल्हा उस्मानाबाद, महाराष्ट्र. १९८३: निलंगा, जिल्हा लातूर, महाराष्ट्र. चार पाकिटं ओळीनं मांडली. घर तेच. आत्याबाईंच्या माहेरचीही तशीच केली. भालकी, जिल्हा बिदर सगळ्यांवर तसंच राहिलं, पण राज्य आधी हैदराबाद, मग म्हैसूर, आणि १९७३नंतर कर्नाटक. मी आणि माझ्या सासूबाई एकाच जिल्ह्यातल्या माहेरवाशिणी ठरलो असतो, हे आम्हा दोघींनाही त्या दिवशी पाकिटं बघून जाणवलं.

लेकीनं विचारलं, "मग रेघ खोटी आहे?"

इथं मला जपून बोलावं लागलं. खोटी म्हणून सुटता आलं नसतं. ती खोटी असती तर अडीच महिने ती माझ्यापासून लांब राहिली नसती. मी म्हटलं, रेघ खरी आहे. माणसांनी ठरवून काढली आहे. कुठल्या भाषेची शाळा, कुठलं रेशनकार्ड, कुठल्या कचेरीत अर्ज, हे ती ठरवते. तिच्यामुळं लाखो माणसांना आपल्या भाषेत कारभार मिळाला, आणि तिच्यामुळंच काही माणसं आपल्या भाषेपासून तुटलीही. पण ती पाऊस ठरवत नाही, माती ठरवत नाही, आणि मामा कोण ते ठरवत नाही. तिला किती कळलं कोण जाणे. तिनं गोष्टीच्या पुस्तकात राज्याची रेघ लाल खडूनं काढली आणि पाण्याची निळ्या खडूनं. दोन्ही रेघा वेगळ्याच ठिकाणी होत्या. पहिल्यांदाच तिला, आणि मलाही, ते एका कागदावर दिसलं.

तिसरी रेघ आम्हाला सणानं दाखवली. २०२१च्या जानेवारीत, संक्रांतीच्या तोंडावर, येळ्ळ अमावास्या आली. शेतात कडब्याची कोप केली, भज्जी, आंबील, उंडे नेले. सकाळी आजोबांचा निलंग्याहून फोन, "आम्ही वेळ अमावास्येला शेतात निघालो." इकडं येळ्ळ, तिकडं वेळ. सण तोच, पदार्थ तेच. कोणकोणत्या गावी तो करतात हे मुलांनी नातेवाइकांना फोन करकरून विचारलं आणि त्या गावांवर नकाशात तुरीचा दाणा चिकटवला. बिदर, कलबुर्गी, लातूर, धाराशिव. दाणे लाल रेघेच्या दोन्ही बाजूंना पडले. पुण्याच्या मावशीला विचारलं तर तिच्या शेजाऱ्यांना सणाचं नावही माहीत नव्हतं.

घरात सगळ्यांना हे पटत होतं असं नाही. दीर म्हणाले, "वहिनी, हे परीक्षेत येणार आहे का? चिखलात खेळून पोरं पुढच्या वर्गात कशी जातील?" त्यांची काळजी खोटी नव्हती. पाढे मागं पडले, शुद्धलेखन मागं पडलं, ते मी कबूल केलं. दुपारचा एक तास पाढ्यांना दिला. पण मोठा पुतण्या, जो मराठी बोलायला लाजायचा, तो पुस्तकाची मराठी पानं लिहू लागला होता, आणि माझी लेक कन्नड पानं. दिरांनी एकदा रात्री ते पुस्तक कंदिलाशी धरून पूर्ण वाचलं. नंतर काही बोलले नाहीत, पण दुसऱ्या दिवशी शेतातून दोन प्रकारची माती पोत्यात भरून आणून दिली.

२५ ऑक्टोबर २०२१ला लहान मुलांच्या शाळा पुन्हा उघडल्या आणि ओसरी रिकामी झाली. पुस्तकाची एकच प्रत होती. कुणी ठेवायची यावर भांडण होईल असं मला वाटलं होतं. पण मुलांनी आपणहून ती तांड्यावरच्या मुलाला दिली. डोंगर त्यानं बरोबर केला होता, म्हणून. तो आता पुढच्या शाळेत जातो. वाचताना अजून थोडा अडखळतो, पण वाचतो.

त्याच दिवाळीत आम्ही निलंग्याला निघालो. लेक खिडकीशी बसली होती. बसवकल्याण तालुका ओलांडताना एका चढावर ती एकदम म्हणाली, "आई, पाण्याची रेघ इथंच कुठंतरी असेल." बाहेर तुरीचं शेत होतं, पाटी वगैरे काही नव्हती. पुढं अर्ध्या-पाऊण तासानं राज्याची पाटी आली, कन्नड अक्षरं संपली, मराठी सुरू झाली. दीड वर्षापूर्वी ती एकटी चालत आली होती ती जागा हीच. बांबू आता नव्हते. तिनं मान बाहेर काढून रस्त्याकडं बघितलं, मग आत घेतली आणि विचारलं, "आजीनं भज्जी केली असेल का?"

"भज्जी वेळ अमावास्येला गं," मी म्हटलं. "आज करंज्या."